पोरगी पेलणारं पीक

क्वांग देशंगने भाताची ताटं दोन्ही हातांनी बाजूला सारून पाहिली. बोट शिरायला जागा नव्हती. वर, पिकल्या लोंब्यांवर, लाल रिबीन बांधलेली एक मुलगी उभी होती आणि बांधावर फोटोवाला तयार होता.

“बघा, सेक्रेटरी क्वांग, पोरगी पेलतंय पीक,” कम्यूनचा, म्हणजे गावांच्या सामायिक शेतीचा, प्रमुख चुंग म्हणाला. “उताऱ्याच्या आकड्यावर तुमची सही झाली की याच हिशेबाने सरकारी कोठारात धान्य भरू.”

क्वांगला सहीची घाई नव्हती. डोंगरात बंदूक घेऊन हिंडायचा तेव्हा तो वाळक्या बांबूसारखा होता. जिल्ह्याचा सेक्रेटरी झाल्यापासून पोटाने क्रांतीची थकबाकी सव्याज वसूल केली होती. डोंगरातल्या त्या दिवसांत याच गावाने त्याला माग काढणाऱ्या सैनिकांपासून लपवलं. त्याच्या पायांनी भातात वाट पडली, की गावकरी दुसऱ्या शेतातलं उभं भात मुळासकट आणून ती बुजवत. युक्ती त्याचीच. आज बांधापलीकडची शेतं उघडी पडली होती, चिखल अजून ओला. शिकवण वाया गेली नव्हती.

“ओळखलंस का रे देशंग,” लाय मावशींनी विचारलं. लपला तेव्हा त्यांच्याच माळ्यावर होता तो. “की मोटारीत बसून डोळ्यांवरही चरबी आली?”

“मावशी, हळू.”

“हळूच बोलतेय. एवढं धान्य गेलं तर बियाणंही उरायचं नाही. हिवाळ्यात काय शिजवू, तुझी सही?”

“वय झालंय त्यांचं,” चुंग खाकरला.

चुंग वाईट नव्हता. शेजारच्या कम्यूनने याहून मोठा आकडा कळवला होता, आणि कमी सांगणाऱ्याला भरसभेत उभं करून झोडत. मागच्या महिन्यात क्वांगनेच एकाला उभं केलं होतं.

क्वांग बुटांसकट पाण्यात उतरला. मुलीला उचलून त्याने चुंगच्या हातात दिलं आणि तिच्या जागी स्वतः चढला. खाली काहीतरी कुरकुरलं.

“काढू फोटो?”

“थांब.”

त्याने एक पाऊल बाजूला टाकलं आणि मांडीपर्यंत चिखलात गेला. कुणी हसलं नाही. वाकून, चाचपडत, त्याने भाताखालून लाकडी बाक ओढून काढला आणि छातीशी धरला.

“हं. आता काढ.”

“सेक्रेटरी,” चुंगचा आवाज फाटला, “हा फोटो वर गेला तर खुर्ची जाईल तुमची.”

“म्हणून तर बाक धरलाय.”

फोटोवाला खोळंबून चुंगकडे बघत राहिला. चुंगने मुलीला मावशींच्या कडेवर दिलं, विजार वर दुमडली आणि पाण्यात उतरून बाकाचं दुसरं टोक धरलं.

“माझ्या घरचा आहे तो,” तो म्हणाला.