बोराएवढी अक्षरं

मी जिन्याशेजारचा प्रिंटर बोलतोय. आज कुणी बटण दाबलेलं नाही, तरी बोलतोय. आजवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते सगळं दुसऱ्यांचंच होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला जाग आली ती या विमा कचेरीत, खोका फोडला तेव्हा. काय थाट होता माझा! सकाळी दिवे लागले की पत्रं, पावत्या, अहवाल. एका ओळीत चूक सापडली की अख्खा गठ्ठा टोपलीत, आणि नवा गठ्ठा माझ्या पोटात. कित्येक कागद तर न्यायलाही कुणी यायचं नाही. मला ते खटकायचं. पण खोटं कशाला बोलू, माणसांची वर्दळ आवडायचीही. कागद निघेपर्यंत माणसं माझ्यापाशी टेकून उभी राहायची. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची सासू रुसली, सगळं आधी माझ्या कानावर.

हिशेबनीस काका मात्र या घोळक्यात कधी नसायचे. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. सगळे जेवायला गेले की हळूच माझ्याकडे यायचे. त्यांची अक्षरं ही अशी, बोराएवढी! इतरांचं एका पानात मावायचं, त्याला काकांना चार पानं लागायची. निघालेले कागद छातीशी धरून ते लगबगीनं जागेवर जायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती. हे फक्त मला ठाऊक, आणि मला वाचा नाही.

मग नव्या मॅडम आल्या. कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "कागद निम्म्यावर आणायचा." पाठपोट छपाई सुरू झाली, पाठकोरे कागद कच्च्या कामाला लागले, पत्रं मेलवर जाऊ लागली. टोपली ओसंडायची थांबली. माझ्यापाशी टेकणारी माणसंही कमी झाली.

एके दिवशी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काका, अख्ख्या कचेरीत सगळ्यात जास्त कागद तुमचा. जुनी सवय सुटत नाही का?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. काका मान खाली घालून म्हणाले, "सोडतो, मॅडम."

त्यानंतर ते आलेच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी उगाच वाट बघायचो. माझ्या जागेवरून त्यांचं टेबल दिसायचं. संगणकाच्या पडद्याला नाक टेकवून बसायचे, डोळ्यांतून पाणी आलं की रुमालानं टिपायचे, पुन्हा टेकवायचे. एका दुपारी मॅडम डबा विसरल्या म्हणून परत आल्या आणि काकांच्या मागे येऊन थबकल्या.

"काका, अक्षर मोठं करता येतं की पडद्यावर."

काका दचकले. "केलं तर अर्धा तक्ता बाहेर जातो. कुठली ओळ, कुठला रकाना, काही उमगत नाही. कागदावर बोट ठेवून जमत होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? दिसत नाही म्हटलं तर घरी बसवाल. घरी कोण आहे माझं?"

मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "डोळे दाखवलेत?"

"नाही. काही भलतंच निघालं तर?"

"उद्या जाऊ. मी येते सोबत."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बोलताना चारचौघांत बोलले ना मी? आता रजाही चारचौघांत सांगूनच घेते. आणि तोवर हवे तेवढे कागद छापा."

मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत काका भर गर्दीत, उजळ माथ्यानं माझ्याकडे यायचे. कधी मॅडम स्वतःच त्यांचे कागद उचलून नेऊन द्यायच्या. माझे भरल्या पोटाचे शेवटचे दिवस ते.

शस्त्रक्रिया झाली, काका कामावर परतले. आता पडद्यावरचं बारीकसारीक सगळं वाचतात, आणि जेवायलाही सगळ्यांबरोबर जातात.

माझ्यावर कापडाचं आवरण आलंय. कधीमधी एखादं पान मागतात, तेव्हा अंग गरम व्हायलाही वेळ लागतो. माझी तक्रार नाही. कागद जरूर वाचवा. फक्त कुणाचा कागद बंद करण्याआधी त्याला तो का लागतो, एवढं जवळ बसून विचारा.

परवा काका जिन्यावरून उतरत होते. खाली दारापाशी उभ्या असलेल्या कुणाला तरी त्यांनी वरूनच ओळखलं, हाक मारली आणि हसत हसत माझ्यासमोरून निघून गेले.