माझ्या पोटातली हवा

मी एक जुना ठोकळा आहे. काँक्रीटचा आहे असे सांगितले की लोक लगेच पाय मागे घेतात, अंगठा चेंगरेल म्हणून. घाबरू नका, मित्रांनो. माझ्या अंगात खडीचा एक कणही नाही. थोडे सिमेंट, थोडी राख आणि बाकी सगळी हवा. मला पाण्यात टाका, मी तरंगतो. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या; खरे सांगायला मी कशाला लाजू?

माझा जन्म झाला एका बेकरीमुळे. दादाची बेकरी म्हणजे एक अरुंद खोली आणि तिच्यात त्याच्या वडिलांनी स्वतः बांधलेली भट्टी. भिंतीपलीकडे शिंपीणकाकू राहत. त्यांची भिंत इतकी तापे की त्या कापडाचे तागेही तिच्यापासून हातभर लांब ठेवत. कितीतरी वर्षे त्यांनी ते मुकाट्याने सोसले. पण सुनेला दिवस गेले आणि काकू थेट बेकरीत येऊन उभ्या राहिल्या.

"पाव तुझा मला आवडतो रे," त्या दादाला म्हणाल्या, "पण माझं नातवंड काही भाजायला ठेवायचं नाहीये. बाळ घरी येईपर्यंत भिंत गार कर, नाहीतर भट्टी हलव."

भट्टी हलवायची म्हणजे मोडायचीच. दादाच्या तोंडचे पाणी पळाले. तो तडक बहिणीकडे गेला.

ताईचा सिमेंटचे खांब आणि फरशा बनवण्याचा छोटा कारखाना होता. ती म्हणाली, "रडू नकोस. साधं काँक्रीट उष्णता सरळ पलीकडे सोडतं. त्यात फेस मिसळून बारीक बुडबुडे कोंडले ना, की ती वाटेतच अडते. तसे ठोकळे बनवून भिंतीला दुसरी भिंत लावू." तिने घरी वाटीभर नमुना करून पाहिला. तो छान फुललेला, हलका आणि टणक झाला. ताईने हुश्श केले.

मग काम गेले मिस्त्रीकाकांच्या हातात. काका ताईच्या कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी ओतलेल्या खांबात सुईच्या टोकाएवढे भोक सापडत नसे. त्यांनी फेसाचे काँक्रीट साच्यांत काठोकाठ ओतले आणि सकाळी पाहतात तो काय! सगळ्या ठोकळ्यांची पोटे खपाटीला गेलेली.

ताईने कंबर कसली. तिने मिश्रणात वीजकेंद्रातली बारीक राख घातली. त्याने ते मऊ आणि एकजीव झाले. पण ठोकळे बसलेच. तिने केसाएवढे बारीक धागे घातले. त्यांनी तडे जाणे थांबले. पण ठोकळे बसलेच. शेवटी फेस टिकवणारा एक द्रव आणला. मिस्त्रीकाकांचा चेहरा पडला होता. आपल्या हातचे काम बिघडते आहे हे त्यांच्या जिव्हारी लागले होते. तिकडे सुनेचे दिवस भरत आले होते.

त्या द्रवाच्या खेपेला शेवटचा साचा माझा होता. काकांनी मला ओतले आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली: "अहो, घरून फोन आहे!" काका गेले ते परत आलेच नाहीत, त्यांना मुलीला दवाखान्यात न्यायचे होते.

सकाळी सगळी भावंडे खपाटीला गेलेली आणि मी एकटा काठोकाठ भरलेला! ताईने मला उचलले, फिरवले, नखाने टोकरून पाहिले. मला सगळे ठाऊक होते, मित्रांनो, पण ठोकळ्याला बोलता कुठे येते? मी नुसता तिच्या हातात बसून राहिलो. तिने काकांना विचारले, "काका, याला काय वेगळं केलंत?"

"काही नाही गं. खरं सांगू का, याचं तर काहीच केलं नाही. ना सळई घातली, ना साचा ठोकला. हात लावायच्या आधीच निघालो मी."

 एवढे बोलून काका आपलेच बोलणे ऐकत असल्यासारखे उभे राहिले. मग मटकन बाकावर बसले.

"अरे देवा," ते म्हणाले. "उभा जन्म काँक्रीटमधली हवा काढण्यात गेला. सळईने ढोसायचं, साचा ठोकायचा, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. हात आपोआप जातो गं. यांची हवासुद्धा मीच काढत होतो!"

ताईला हसू फुटले. मग काकाही हसले, डोळे पुसत हसले. "तुम्हाला सांगायला हवं होतं मी," ताई म्हणाली. "वाटी मी नुसती ओतून ठेवली होती, हे बोललेच नाही."

पुढच्या खेपेला काकांनी ओतायचे काम केले आणि ओतून झाले की दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहिले. हात शिवशिवत होते, पण सोडले नाहीत. एकही ठोकळा बसला नाही.

काकूंच्या खोलीच्या बाजूने आमची भिंत उभी राहिली. "खोली चार बोटं लहान केलीत," काकू कुरकुरल्या. पण बाळ घरी आले त्या दिवशी भट्टी पेटलेली असताना त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग म्हणाल्या, "पाळणा इथे लावा." दादाला रडूच आले.

पुढे सगळे मला विसरले, आणि भिंतीचे ते नशीबच असते. वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. छपराची पन्हळ फुटली, पाणी झिरपू लागले, खालचा गिलावा सुटला आणि मी पाणी पीत राहिलो. माझ्या पोटात हवेच्या जागी पाणी शिरले की मी कुचकामी होतो. भिंत पुन्हा तापू लागली. एक नवा गवंडी आला. "हलकं काम हलकंच निघणार," असे म्हणत त्याने आम्हाला पाडायला हातोडा उचलला.

"थांब!" काकू ओरडल्या. त्यांचा तळवा भिंतीवरून फिरत होता. "वर चांगली आहे. ओल आहे तिथेच तापते." त्यांनी मिस्त्रीकाकांना बोलावून घेतले. काका आता काठी टेकत चालतात. त्यांनी वर पाहिले, पन्हळ पाहिली, मला पाहिले.

"हातोडा ठेव," ते गवंड्याला म्हणाले. "आधी पन्हळ बदल. मग वाळू दे याला, गिलावा नंतर. आणि तोवर हात मागे."

मी वाळलो. पुन्हा पहिल्यासारखा झालो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला तेलपाणी नको, कौतुक नको. फक्त माझ्या अंगावरचा गिलावा सांभाळा आणि छपराची पन्हळ अधूनमधून बघत जा. पाळण्यातली ती पोर आता मोठी झाली आहे. भट्टी धडधडत असते, आणि ती मला पाठ टेकून तासन्‌तास वाचत बसते. पाठीशी कोण आहे हे तिला आठवतही नाही. तिला ते कधीच आठवावे लागू नये, एवढेच मला हवे आहे.