म्हातारीचे प्रोसेसर

“बोर्ड दिसतोय, पण त्यावरचे प्रोसेसर काही उठत नाहीत,” मी पडद्याकडे बघत म्हणाले.

“उठतील गं. आत्ताच नवीन घरात आलेत, जरा बसू देत,” सीब्रेन म्हणाला. त्याच्या हातात केकची बशी होती आणि मिशीला क्रीम लागलं होतं.

केक होता जुन्या सर्व्हरच्या निरोपाचा. आमच्याकडे वाढदिवस असो की निरोप, केक कापायचा आणि ज्याचा असेल त्याच्याबरोबर शेजारी बसणाऱ्यांचंही अभिनंदन करायचं. सीब्रेनने ती रीत मशीनलाही लावली. लिलावात उरलेला ट्युलिपचा गुच्छ त्याने सर्व्हरवर ठेवला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, “अभिनंदन, रूली. आपली म्हातारी सुटली.” मग आम्ही तिची वीज बंद केली, तिच्या दोन बोर्डांपैकी एक बाहेर काढला आणि नव्या सर्व्हरच्या रिकाम्या खाचेत बसवला.

बोर्ड हलवायला कारणही तसंच होतं. पुढचा आठवडा मदर्स डेचा. त्या आठवड्यात आमच्या लिलावघरात फुलांच्या गाड्यांना उभं राहायला जागा उरत नाही. भिंतीवरच्या प्रत्येक मोठ्या घड्याळाचा काटा चढ्या भावाकडून खाली सरकत येतो, आणि जो पहिला बटण दाबेल त्याची फुलं. घड्याळामागचं मशीन जरा जरी रेंगाळलं तरी कोणी आधी दाबलं यावरून व्यापारी एकमेकांच्या अंगावर जातील. सीब्रेनच्या सगळ्या नोकरीत घड्याळ एकदाही अडलं नव्हतं. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता, आणि ही पाटी कोरी ठेवून घरी जायचं एवढीच त्याची इच्छा होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, असं तो प्रत्येक कॉफीच्या वेळी सांगायचा.

प्रोसेसर उठेनात तेव्हा मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे आन्नेलिस नावाची बाई होती.

“जुन्या मशीनने हक्क सोडले ना?” तिने विचारलं.

सीब्रेनने काटा बशीत ठेवला.

या मशीनचा कारभारच तसा आहे. आत प्रोसेसर भरपूर असतात, पण जेवढ्यांचा परवाना घ्याल तेवढेच जागे होतात. तो हक्क त्या त्या मशीनच्या नावावर असतो, बोर्डाच्या नाही. बोर्ड उचलून दुसरीकडे नेला तरी हक्क मागेच राहतात. ते हलवायचे तर जुन्या मशीनने आधी, चालू असताना, आपणहून सांगावं लागतं की मी एवढे सोडले. मग कंपनी नव्या मशीनसाठी कोड देते. सीब्रेनला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण सकाळपासून केक, ट्युलिप आणि हात मिळवणं यात गडी असा रंगला की नेमकं तेवढंच राहिलं. आणि खरं सांगायचं तर मीही केकच खात होते.

“काही बिघडलेलं नाही,” आन्नेलिस म्हणाली. “जुनं मशीन पुन्हा चालू करा. उरलेल्या एका बोर्डावर ते उठेल.”

“ते गेलं,” सीब्रेन म्हणाला.

“कुठे गेलं?”

“भंगारात.”

वस्तू नकोशी झाली की ती दाराबाहेर पडेपर्यंत आम्हा इकडच्या लोकांना चैन पडत नाही. त्यात सीब्रेन उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला, म्हणजे नीटनेटकेपणाचा कळसच. त्याने भंगारवाल्या कॉबला त्याच सकाळी बोलावलं होतं, आणि कॉब म्हातारीला ट्युलिपसकट घेऊन गेलासुद्धा. आता तो फोन उचलत नव्हता.

“मी बाईंना सांगून टाकतो,” सीब्रेन म्हणाला. बाई म्हणजे आमच्या साहेब, मार्खरीट. “चूक माझी आहे.”

“सांगशील रे. आधी कॉबला गाठू. शनिवारी तो हेरिंग मासा खाल्ल्याशिवाय गाव सोडत नाही.”

मी गाडी काढली. कालव्याच्या कडेने जाताना सीब्रेनने कॉबला पुन्हा फोन लावून पाहिला. मग म्हणाला, “रूली, मी पूर्वी असं कधी विसरलो नसतो.”

“पूर्वी तू माझी सुट्टी विसरला होतास. एकटीने ईस्टर काढला मी मशीनच्या त्या थंड खोलीत.”

“मी मशीनबद्दल बोलतोय.”

“मला माहितेय तू कशाबद्दल बोलतोयस,” मी म्हणाले. मला त्याची फार काळजी वाटत होती. माणूस अख्खं आयुष्य एक गोष्ट नीट करतो आणि शेवटच्या आठवड्यात तीच हातातून निसटते, हे मला बघवणार नव्हतं. पण तसं बोलले असते तर तो गाडीतून उतरून चालायला लागला असता.

हेरिंगच्या टपरीपाशी कॉबचा ट्रक उभा होता. कॉबने मासा शेपटीला धरून तोंडावर उलटा धरला होता. त्याने तो सावकाश संपवला, ओठांना लागलेला कांदा पुसला आणि आमचं ऐकून घेतलं.

“दिलं ते दिलं,” तो म्हणाला. “आता ती माझी आहे.”

“अरे बाबा, तासाभरापुरती दे,” सीब्रेन म्हणाला. “तिच्याकडून एक काम राहिलंय.”

“भंगारात निघालेल्या म्हातारीकडून अजून काम करून घेणार? लाज वाटू दे जरा.” मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “केक उरलाय का?”

केक उरला होता. कॉबने स्वतः फुलांच्या ढकलगाडीवरून म्हातारीला आत आणलं. वीज दिल्याबरोबर तिचे पंखे असे घोंगावले की कॉब बशी घेऊन मागे सरकला. एक बोर्ड गायब आहे अशी तक्रार तिने पडदाभर केली आणि मग मुकाट्याने चालू झाली. सीब्रेनने तिच्यासमोर खुर्ची ओढली.

“एक सोडून बाकी सगळे हक्क काढा,” आन्नेलिस फोनवर म्हणाली. “शेवटचा तिच्याकडेच राहतो. तो कुणालाच काढता येत नाही.”

“म्हणजे तो माझा?” कॉबने विचारलं.

“तो तिचा,” सीब्रेन म्हणाला.

म्हातारीने हक्क सोडले, आन्नेलिसने कोड पाठवला, मी तो नव्या मशीनमध्ये घातला, आणि बोर्डावरचे प्रोसेसर एकेक करून जागे झाले. माझ्या जिवात जीव आला. सीब्रेनने त्याच क्षणी मार्खरीटबाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, केकसकट.

“सोमवारी घड्याळं चालतील ना?” बाईंनी विचारलं.

“चालतील.”

“मग मला शनिवारी कशाला त्रास देतोस?”

“माझ्याकडून चूक झाली म्हणून.”

“बरं, झाली. केक ठेव माझ्यासाठी,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. सीब्रेन हसला. हक्क राहिल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच.

सोमवारी पहाटे लिलाव सुरू व्हायच्या आधी मी त्याला म्हणाले, “आज तू वर सज्जात जाऊन लिलाव बघ. इथलं मी बघते.” इतकी वर्षं लिलाव चालू असताना तो कायम या खोलीतच बसलेला. सुट्टीवर असला तरी फोन करायचा. एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून, तोंडात कापूस असताना, “काय चाललंय? मशीन दमलं नाही ना?” असं विचारलं होतं त्याने. त्यामुळे तो नाही म्हणेल असंच मला वाटलं.

तो उठला. “खोलीची किल्ली टेबलावर आहे,” म्हणाला आणि गेला.

घड्याळं सुरू झाली. गुलाब आले, पिओनी आले, गाड्यांमागून गाड्या आल्या. नवं मशीन आरामात चाललं होतं. मी सगळे आकडे नजरेसमोर ठेवले, म्हणजे त्याने विचारलं की लगेच सांगता येतील. फोनही जवळ ओढून ठेवला.

लिलाव संपला. फोन वाजला नाही.

“छान चाललंय,” मी त्याच्या खुर्चीला सांगितलं, आणि किल्ली खिशात टाकली.