आंजी कोणत्या खिडकीतून दिसते?

जावयाने विमानाची तिकिटं पाठवली तेव्हापासून आनंदाबाईच्या डोक्यात एकच होतं, वरून आपलं गाव, आंजी, पाहायचं. मुंबईला लेकीच्या, नलूच्या नव्या घराची वास्तुशांत होती, पण तिला त्याआधी गाव बघायचं होतं.

प्रश्न होता खिडकीचा. तिचे यजमान रूपराव म्हणाले, "उजवी घे. नागपूरहून मोटारीनं येताना आंजी उजवीकडंच पडते."

शाळेतले लक्ष्मणराव गुरुजी नकाशा घेऊन आले. "मोटार वर्ध्याकडं वळते, विमान सरळ मावळतीकडं जाते. आंजी डावीकडं राहीन. डाव्या खिडकीत बसजो, वहिनी."

आनंदाबाईने दोन्ही हात समोर धरून पाहिले. मावळतीकडे तोंड केलं की आंजी एका हाताला वाटे, गुरुजींकडे वळली की दुसऱ्याच. शेवटी नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरचा बाबू वैतागला, तशी तिने डावी मागितली आणि रूपरावांनी हट्टाने उजवी.

विमान उडालं आणि गरकन वळलं. मघाशी तोंडावर आलेलं ऊन आता पाठीवर आलं. मावळत कुठं गेली तेच कळेना. मग एकाएकी खाली नदीचं वळण दिसलं, काठाला घरं, दोन पांढरे रस्ते. तिने काचेला कपाळ टेकवलं. ती बोलणार, इतक्यात पलीकडून रूपराव ओरडले, "नलूच्या माये! इकडं ये, आपली विहीर दिसून राह्यली!"

"तिकडं काऊन? आंजी इकडं हाय!"

"तिकडं कशी असन?"

ती उठू लागली. हवाईसुंदरीने तिला खांद्याला धरून बसवलं. तिने मान वळवून नवऱ्याच्या खिडकीकडे पाहिलं; तिथं नुसतं आभाळ. परत आपल्या खिडकीकडे वळली, तर तिथंही ढग. उरलेला सगळा प्रवास ती दोन्ही खिडक्यांकडे आलटून पालटून बघत राहिली.

मुंबईत नलूने दारातच विचारलं, "मग, दिसली का आंजी?"

"दिसली म्हंजे! विहीर, गोठा, सगळं!" रूपराव चप्पल काढता काढता सांगू लागले.

आनंदाबाई हळूच म्हणाली, "विहिरीवरचा आंबा दिसला काय?"

रूपरावांचा हात चपलेवरच थांबला. "आंबा? दिसला. म्हंजे... हिरवं काहीतरी होतं."

आपण आंबा पाहिला का, हे तिला स्वतःलाच आठवत नव्हतं. ती नलूला म्हणाली, "पोरी, आधी पानी दे," आणि पाण्याचा गिलास हातात येईपर्यंत आपला डावा हात कोणता याचा विचार करत बसली.