किडे कुणाच्या घरचे

किडे कुठून आणले: प्रयोगशाळेच्या साठ्यातून.
(खोडलं. साठा मेला.)

लवंगेच्या तेलानं तांदळातले सोंडे मरतात हे अक्षयाला सिद्ध करायचं होतं. ते मेले, पण प्रयोगाच्या आधीच. तेलाच्या बाटलीचं बूच सैल राहिलं, कपाटाचं दार घट्ट राहिलं आणि सोमवारी सगळी प्रजा पाय वर करून पडलेली. ना निरीक्षण, ना नोंद. विज्ञानाच्या दृष्टीनं ते फुकट मेले. सरांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत तीनशे जिवंत सोंडे आण, नाहीतर पीएचडी एक वर्ष पुढे.

किडे कुठून आणले: दिल्लीतल्या मराठी घरांतून.
(खोडलं. मराठी घरांत किडे नसतात.)

तिनं मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, कुणाच्या तांदळात किडे झालेत का, हवे आहेत. दोन तास ग्रुप मेल्यासारखा. मग एकानं हात जोडले, एकानं गुलाबाचं फूल पाठवलं. नोएडाच्या कल्पनामावशींनी फोन करून ऐकवलं की आमच्याकडे तांदूळ फ्रिजमध्ये असतो, आणि तुझ्या आईला कळलंय का तू हे काय मागत फिरतेस. मुनिरकातल्या किराणावाल्यानं तर ती इन्स्पेक्टर आहे असं समजून अर्धं शटरच ओढलं.

बुधवारी संध्याकाळी तिच्या मुनिरकाच्या खोलीची बेल वाजली. दारात पद्मजाकाकू. करोल बागेतल्या या काकू दुसऱ्याचा ओटा पाहिल्याशिवाय त्या घरचा चहा घेत नसत. आज तोंडाला मास्क, डोक्यावर ओढणी, हातात तीन पिशव्यांत गुंडाळलेला श्रीखंडाचा डबा. डब्यात चारशेएक सोंडे, ठणठणीत.

"कुणी दिले विचारलं तर सांग, देणारी वारली."

चहा न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी तशाच मास्कमध्ये कल्पनामावशीही येऊन गेल्या. फ्रिजमध्ये जागा कमी पडते म्हणे.

किडे कुठून आणले: दोन हितचिंतकांकडून.
(सरांनी खोडलं.)

खोडायला कारण होतं. मावशींचे किडे लवंगतेलाच्या वासानं चार तासांत आडवे झाले. काकूंचे तिसऱ्या दिवशीही बरणीत शतपावली घालत होते. तेल बनावट असेल म्हणून सरांनी नवीन बाटली फोडली. शतपावली चालूच. मग सर हळूच म्हणाले, बेटा, ये कीड़े नहीं, सोना है। पण घर कुठलं, धान्य कसं साठवलेलं, हे लिहिल्याशिवाय कुणीही विश्वास ठेवणार नाही.

अक्षया करोल बाग गाठून काकूंच्या स्वयंपाकघरात बसली. काकूंनी दार लावून कबूल केलं, बत्तीस वर्षं तांदळाच्या प्रत्येक डब्यात त्या मूठभर लवंगा टाकतात.

"पुलावात मात्र एक," दिनकरकाका पेपरामागून म्हणाले.

अक्षयानं समजावलं की बहुतेक म्हणूनच हे किडे लवंग पचवून बसलेत, पिढ्यान्‌पिढ्या. शोध मोठा आहे, पण पत्ता द्यावा लागेल.

"पानिपत लिही," काकू म्हणाल्या. "तिथं आपली अब्रू आधीच गेलीये. चारशे किड्यांनी आणखी काय जाणार?"

खोटं लिहिता येणार नाही, अक्षया म्हणाली. पत्ता नसेल तर हे सगळं सोडून नव्यानं सुरुवात, म्हणजे ते एक वर्ष गेलंच. आणि मंडळात प्रबंध कोण वाचणार आहे?

"मंडळ सगळं वाचतं."

काकू ओटा पुसू लागल्या. तो स्वच्छच होता. अक्षयाला वाटलं, संपलं. ती उठली आणि निघता निघता, स्वतःशीच बोलावं तशी, बोलून गेली की कल्पनामावशींचे तर चार तासही टिकले नाहीत. मग तिनं जीभ चावली.

काकूंचा हात थांबला.

"फ्रिजवाल्या कल्पनाचे?"

अक्षया चपला शोधू लागली. काकूंना तेवढं पुरेसं होतं.

"चार तास," काकू म्हणाल्या, शेजारच्या मुलाचा निकाल ऐकावा तशा. त्यांनी फडकं पिळून वाळत घातलं, हात पुसले, खुर्ची ओढून समोर बसल्या.

"लिहून घे. सौ. पद्मजा दिनकर दाबके. मजला दुसरा. पिनकोड चुकवू नकोस."

"आणि मावशींचं नाव नको ना?"

"छे. आपल्याला कशाला हवं," काकू म्हणाल्या. "नुसतं नोएडा लिही. मंडळात नोएडाची ती एकटीच आहे."