कोळ्याच्या डोळ्यातला अंगठा

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना फ्लॅश आहे. माझ्या पोटात चार पेन्सिल सेल बसतात, पाठीवर एक लाल दिवा आहे आणि एकदा फरशीवर आपटल्यामुळे डाव्या गालाला पोचा आला आहे. मी उजळलेली चित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असतील. त्यांच्याखाली माझे नाव नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. फ्लॅशचे नाव कोण लिहितो? तिथे जे लिहिले आहे, त्याचे मात्र वाईट वाटते.

माझी पहिली वर्षे एका फोटो स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेली. माणूस समोर बसे, मी लख्ख होई, माणूस नेमके डोळे मिटे, आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. स्टुडिओत मोठे दिवे आले तेव्हा मी खोक्यात गेलो. तिथून मला बाईंनी उचलले.

बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. त्यांच्याकडे तळहाताएवढा, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा होता आणि त्याला लावायची, कॅमेऱ्याहून लांब अशी एक भिंग-नळी. तिच्यातून मुंगी मांजराएवढी दिसे. पहिल्या दिवशी बाईंनी मला कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवले. कॅमेरा माझ्या वजनाने पुढे कलंडला तो कलंडलाच, वर फोटोत मुंगीचा खालचा अर्धा भाग काळाकुट्ट आला. मला वाटले, झाले, परत खोके. पण बाईंनी वही घेतली. कॅमेरा, नळी आणि मुंगी काढली, माझ्यापासून मुंगीपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली. रेघ नळीला अडली.

"चूक फ्लॅशची नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "त्याच्या जागेची आहे."

मित्रांनो, इतके न्यायाचे वाक्य माझ्याबद्दल आधी कोणी बोलले नव्हते. त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षे काढली.

माझी जागा कॅमेऱ्यापासून दूर, किड्याच्या बाजूला आणि थोडी वर हवी होती. बाईंनी एक गुंडाळीची तार आणली. तिचे एक टोक कॅमेऱ्याला, दुसरे मला. आता प्रश्न उरला तो हातांचा. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात किडा बसलेली फांदी. मला कोण धरणार?

तेव्हा वन्सं आल्या. त्या बाईंच्या धाकट्या नणंद. बाई त्यांना थट्टेने 'वन्सं' म्हणत आणि 'अहो-जाहो' करत, म्हणून मीही तसेच म्हणतो. वन्सं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवत. त्यांचा हात असा स्थिर, की त्यावर पाण्याची वाटी ठेवावी.

"हलवू नका हं, वन्सं," बाई म्हणाल्या.

"वहिनी, माझा हात हलला तर माणूस जन्मभर वाकडं चावतो. तुझ्या किड्याचं काय घेऊन बसलीस!"

दर रविवारी सकाळी आमचे काम चाले. कुंड्यांमागे, गच्चीच्या कठड्यावर, नळाखालच्या शेवाळावर. माझा उजेड उघडा पडला की चकचकीत किड्यांच्या पाठीवर पांढरा भगभगीत डाग उठे. म्हणून बाईंनी आइस्क्रीमच्या डब्याचे दुधी, चौकोनी झाकण माझ्या तोंडासमोर चिकटपट्टीने लावले. लहान दिवा मोठा आणि जवळ झाला, की सावल्या मऊ होतात. बाई मला माझ्या ताकदीच्या सोळाव्या हिश्शावर ठेवत. त्यामुळे माझा उजेड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच टिके. तेवढ्या वेळात फुलपाखराचा पंखसुद्धा हलू शकत नाही. मागे काळोख येऊ नये म्हणून वन्सं दुसऱ्या हाताने एक हिरवे पान धरत.

चिकटपट्टी मात्र दर पाच मिनिटांनी सुटे. मग वन्संनी झाकणाचा खालचा कोपरा अंगठ्याने दाबून धरायला सुरुवात केली.

"अंगठा काढा ना, तेवढा उजेड अडतोय."

"काढते. मग झाकण पडेल आणि तुझ्या कोळ्याला टोपी होईल."

तो अंगठा तिथेच राहिला. प्लॅस्टरने खडबडीत झालेला, नखाच्या कडेला गुलाबी मेणाची रेघ असलेला. सहा वर्षे माझ्या गालाशी तो अंगठा होता. आमचे सगळ्यात चांगले चित्र तसेच निघाले. तांदळाच्या दाण्याएवढा एक उड्या मारणारा कोळी, समोर दोन मोठे डोळे, बाजूला दोन छोटे, आणि पायांवरचा एकेक केस मोजता यावा असा. वन्संनी चाळीस मिनिटे श्वास धरून मला पेलले होते. चित्र पडद्यावर बघून दोघी इतक्या हसल्या, की कोळी घाबरून बाईंच्या चष्म्यावर जाऊन बसला.

मग एका विज्ञान संग्रहालयातून फोन आला. त्यांना बाईंच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे होते. मी टेबलावर होतो. फोनचा आवाज मोठा होता.

"फ्लॅश मारून तर हल्ली सगळेच काढतात हो," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "तुमच्या फोटोंत तो भगभगीतपणा नाही. नैसर्गिक प्रकाश दिसतोय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"हं," त्या म्हणाल्या.

"आणि सोबत कुणी असतं?"

"नाही. एकटीच असते मी."

मित्रांनो, माझा उजेड उजेडासारखा वाटू नये म्हणून आम्ही सहा वर्षे खपलो होतो. ते इतके चांगले साधले, की मी होतो हेच नाकारता आले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या पिशवीच्या जाळीदार कप्प्यात होतो. सवयीने भरला गेलो होतो, इतकेच. दालनाच्या दारात पाटी होती: 'सर्व छायाचित्रे नैसर्गिक प्रकाशात, एकटीने टिपलेली.' कोळ्याचे चित्र दाराएवढे मोठे करून समोरच्या भिंतीवर लावले होते. पाहुणे बोलले, टाळ्या पडल्या. बाईंना खरे सांगायला पुष्कळ वेळ होता. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात होता. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, कोळ्याचेसुद्धा मानले.

वन्सं मागच्या रांगेत होत्या. नवी साडी नेसून आल्या होत्या. पाटी त्यांनी दारातच वाचली होती. गर्दी पांगल्यावर त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग आणखी जवळ गेल्या. कोळ्याचे मोठे डोळे आता ताटाएवढे होते. दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा चौकोन चमकत होता. ते माझे झाकण. आणि चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात काळसर, गोलसर, नखासकट काहीतरी होते.

"वहिनी, जरा इकडे ये."

बाई आल्या. वन्संनी आपला अंगठा वर करून कोळ्याच्या डोळ्याशेजारी धरला.

"हा मात्र नैसर्गिक आहे, हं," त्या म्हणाल्या.

बाई हसायला गेल्या. वन्सं हसल्या नाहीत. त्या पायऱ्या उतरून गेल्या, आणि पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मला बाईंनी कपाटात ठेवले, जुन्या परीक्षानळ्यांच्या मागे. पोटातले सेल तसेच राहिले. जीवशास्त्राच्या बाईंना कळायला नको होते का, की वापरात नसलेला सेल हळूहळू पाझरतो? कळत होते. पण जे बघायचे नसते, त्याच्या पोटाचे झाकण कोण उघडते? पाझरलेला क्षार माझ्या तारांना इंच इंच खात गेला. आठ महिने मी ऐकत होतो, बाहेर बाई एकट्या फोटो काढत होत्या. प्रदर्शन संग्रहालयाने कायमचे ठेवून घेतले होते, आणि नव्या दालनासाठी त्यांना आणखी दहा चित्रे हवी होती, अर्थातच नैसर्गिक प्रकाशातली. खिडकीच्या उजेडात त्या तासन् तास बसत. भिंग बारीक उघडले तर चित्र अंधारे, जास्त उघडले तर एक डोळा स्पष्ट आणि बाकी कोळी धुक्यात. उजेड आत घ्यायचा वेळ वाढवला तर सगळेच हललेले. स्वतः सांगितलेली गोष्ट त्यांना आता खरी करून दाखवायची होती, आणि ती होत नव्हती.

अखेर कपाट उघडले. त्यांनी माझे पोट उघडले आणि "अरे देवा" म्हणून खालीच बसल्या. पांढरी-हिरवी पूड त्यांच्या मांडीवर सांडली. व्हिनेगरचा बोळा घेऊन त्यांनी मला तासभर पुसले. पूड फसफसत निघाली. नवे सेल घातले. मी सगळा जीव एकवटला, मित्रांनो. चार्ज होताना मी पूर्वी बारीक शीळ घालत असे. आता ती आली नाही. लाल दिवा लागला नाही.

त्याच संध्याकाळी बाईंनी वन्संना बोलावून घेतले. वन्सं दारातच थांबल्या, चप्पल न काढता.

"फ्लॅश मी दुसरा आणते," बाई म्हणाल्या. "तुम्ही रविवारी याल ना?"

"हात हवाय, की मी हवीय?"

बाईंनी प्रश्नाला बगल दिली. दालनात ध्वनिक्षेपक हातात असताना खऱ्याला दिली होती, तशीच. त्या हळूच म्हणाल्या, "पाटी बदलून घेते मी."

"त्याला मला कशाला बोलवायचं? पाटी एका हातानेही बदलता येते, वहिनी."

वन्संनी टेबलावरून मला उचलले. तो खडबडीत अंगठा सवयीने झाकणाच्या कोपऱ्यावर गेला. "हा मेलाय ना? मग मी नेते," त्या म्हणाल्या. बाईंनी अडवले नाही. मला वाटले होते, अडवतील.

आता मी दातांच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या फळीवर असतो, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेत. वन्सं रोज फडक्याने मला पुसतात. माझ्याकडे कोणी काही मागत नाही. चूक फ्लॅशची नाही, हे वाक्य मला अजून आठवते. ते म्हणणारीनेच मला अंधारात ठेवले, हेही आठवते.

पाटी बदलली की नाही, मला ठाऊक नाही. वन्सं बघायला गेल्या नाहीत. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. वापरात नसलेल्या वस्तूच्या पोटातले सेल काढून ठेवत जा. तिला पुन्हा कधी हाक माराल, तर तिला ओ देता आली पाहिजे. आणि कधी त्या दालनात गेलात, तर दारातली पाटी वाचा, मग थेट कोळ्यासमोर जाऊन उभे राहा. पाटीवर काहीही लिहिलेले असो. डाव्या डोळ्यात, चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात नीट बघा. आम्ही दोघे तिथे आहोत.