हलका डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. तीन पुडांचा, वर उभी कडी. माझ्या झाकणावर नाव घातलेलं होतं, पण राखेने घासून घासून त्यातलं 'कमू' एवढंच आता वाचता येतं. सध्या मी जव्हारमधल्या एका घराच्या फळीवर बसून असतो. मी फुटलो नाही, गळतही नाही. माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून मी इथे आहे. तो कसा उडाला, ते ऐका.

कमू जव्हारजवळच्या जामसर गावची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने मला जव्हारच्या बाजारातून हौसेने आणलं. कल्हईवाला आला की ती सगळ्यांत आधी मला पुढे करायची. आतून मी लखलखलो की माझ्यात तोंड पाहून हसायची. रोज दुपारी ती मला घेऊन शेतावर जायची. एका पुडात नागलीच्या भाकऱ्या, दुसऱ्यात उडदाची आमटी, वरच्या पुडात खुरासणीची चटणी. तिचा नवरा पोश्या माझ्यात एक कणही ठेवत नसे. ओढ्यावर मला धुऊन तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जा, हलका केला तुझा डबा."

एके दिवशी दुपारी पोश्या बांधावर बसला, छातीवर हात ठेवला आणि तसाच आडवा झाला. वय चाळीसदेखील नव्हतं. लोक म्हणाले, वारं लागलं. त्या दिवशी मी भरलेला घरी आलो.

तेव्हापासून कमूला एक सवय लागली. तिचा मुलगा तुळशीदास शाळेतून परतला की ती त्याच्याकडे बघायच्या आधी मला कडीला धरून उचलायची. हलका लागलो की तिचा जीव भांड्यात पडायचा. तुळशीदास शिकला, मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून झाला, जव्हारला घर केलं. सून आली, उज्ज्वला. कमूने जगातून जाताना मला तिच्या हाती दिलं. "डबा हलका आला ना, का समजायचं माणूस बरा हाय," असं तिने सुनेला सांगितलेलं मी ऐकलं आहे. केवढा अभिमान वाटला होता मला तेव्हा!

रोज सकाळी मी तुळशीदासच्या पिशवीत बसून जीपने मोखाड्याला जायचो, संध्याकाळी रिकामा परत यायचो. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी होळीनंतर कचेरीत सगळ्यांची रक्ततपासणी झाली. तुळशीदासचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. उज्ज्वला त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. पिशवीत मी होतोच.

तुळशीदास हसून म्हणाला, "डॉक्टर, माझ्या अंगावर मांस तरी आहे का? कोलेस्टेरॉल जाड्या माणसाला होतं ना?"

"बारीक माणसालाही होतं," डॉक्टर म्हणाले. "ते काही विष नाही. आपलं शरीरच ते बनवतं, लागतंही थोडं. पण जास्त झालं की हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या आतल्या बाजूला बसत जातं. वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस वाट बंद होते, तेव्हाच कळतं. वडील कशाने गेले तुमचे?"

उज्ज्वलाने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. हे घराण्यातही असू शकतं, म्हणाले. तळलेलं आणि वनस्पती तूप बंद करा, भाकरी, डाळ, पालेभाजी खा, रोज चाला. आणि दुपारच्या जेवणानंतर एक गोळी. बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने सोडायची नाही.

मला सगळं समजलं, मित्रांनो. माझ्यात तेलकट भाजी राहिली की कडेला कसा चिकट थर धरतो, हे मी जाणतो. पण मला राख लावून घासता येतं. माणसाच्या आतल्या नळीपर्यंत राख कोण पोचवणार?

उज्ज्वलाने जामसरहून नागली मागवली. इतक्या वर्षांनी माझ्यात पुन्हा ती काळसर, गरम भाकरी आली. वरच्या पुडात कागदाच्या पुडीत एक गोळी. मला वाटलं, माझे जुने दिवस परत आले.

पहिल्या दिवशी कचेरीत माझं झाकण उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचा दिपेश ओरडला, "अरे वा, तुळशीदासभाऊ! साहेब झालात तरी पाडा काही सुटत नाही!" सगळे हसले. तुळशीदासही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने मला बंद केलं.

चार-पाच दिवस त्याने पाठ करून कसंबसं खाल्लं. मग एका दुपारी तो मला घेऊन फाटकाबाहेर आला. तिथे गौराबाई नावाची एक म्हातारी भाजी विकायला बसते. तिच्यापुढे मला ठेवून तो म्हणाला, "गौराबाई, जेवलीस का? घे, खा. मला आज भूक नाही."

"देव तुझा भला करो, बाबू," ती म्हणाली. तो समोरच्या हॉटेलात शिरला. वड्याचा वास मला रस्त्यापलीकडून येत होता.

मग ते रोजचंच झालं. गौराबाई मला चाटूनपुसून रिकामा करायची, धुऊन द्यायची. संध्याकाळी उज्ज्वला मला कडीला धरून उचलायची आणि तिच्या चेहऱ्यावर तेच कमूचं समाधान यायचं.

"गोळी घेतली ना?"

"घेतली. डबा बघ की, तुझ्यापुढेच आहे."

मला साक्षीला उभं करून तो खोटं बोलत होता. ज्याच्या शाळेच्या पिशवीत मी रोज बसून गेलो, त्याने! मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो. पण मी रिकामा होतो, आणि रिकामा डबा एकच गोष्ट सांगतो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्याला दरदरून घाम सुटला. छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं झालं. पित्त असेल म्हणून त्याने सोडा प्यायला आणि तासभर तसाच बसून राहिला. तो तास फार महागात पडला. शेवटी दिपेशनेच त्याला गाडीत घालून नाशिकला नेलं. नळीतला अडथळा काढला, जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला.

तिथल्या डॉक्टरांनी उज्ज्वलाला विचारलं, "पथ्य पाळत होते? गोळी?"

ती छाती ठोकून म्हणाली, "रोज, साहेब. डबा एक दिवस भरलेला आला नाही."

"मग गोळी कमी पडली असणार. औषध बदलावं लागेल."

तुळशीदास जागा होता. त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्यावरच्या उपचाराची दिशा बदलत होती, तरी तो बोलला नाही.

तो घरी आल्यावर आठवड्याने गौराबाई जव्हारला आली. उज्ज्वलाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. म्हातारीने तुळशीदासच्या पायाशी शेवग्याच्या शेंगा ठेवल्या आणि पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या पुड्याच पुड्या.

"बाबू, तुझ्या डब्यात रोज एक निघायची. मना ठावं नाय कशाची. कोणाचा दवा कोणाच्या पोटात कसा घालायचा? म्हणून ठेवल्या. मी तुला सांगत व्हते, तू म्हणायचास, टाकून दे. दवा कसा टाकायचा?" मग उज्ज्वलाकडे वळून म्हणाली, "तुझ्या भाकरीवर मी पावसाळा काढला, बाय."

ती गेल्यावर उज्ज्वलाने पुड्या मोजल्या. एकशे सव्वीस.

"उज्ज्वला, अगं, मला काही होत नव्हतं..." तुळशीदास म्हणाला.

"मी तुम्हाला विचारत होते ना? तुम्हाला विचारत होते, आणि तुम्ही मला डबा दाखवत होता." एवढंच ती बोलली. तिने सगळ्या पुड्या माझ्या तिन्ही पुडांत भरल्या, कडी लावली आणि मला या फळीवर ठेवलं.

आता दुपारी तो घरी असतो. तिच्यासमोर बसून भाकरी खातो, तिच्यासमोर गोळी घेतो. बाहेरून कोणी आलं तरी आता भाकरी झाकत नाही. ती मात्र त्याने ग्लास खाली ठेवेपर्यंत नजर काढत नाही. तिला माझा भरवसा नाही, त्याचाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी रोज औषध घेत असेल, तर रिकामा डबा, रिकामं पाकीट पाहून समाधान मानू नका. शेजारी बसा, विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर आमच्यासारख्या मुक्या वस्तूंच्या आड लपू नका.

परवा तुळशीदास धापा टाकत स्टुलावर चढला. त्याने मला कडीला धरून उचललं. मी जड लागलो. आयुष्यात दुसऱ्यांदा मी घरात भरलेलाच राहिलो होतो, आणि पोश्या गेला तो पहिला दिवस त्यालाही आठवत असावा. तो बराच वेळ मला छातीशी धरून उभा राहिला. मग त्याने मला परत फळीवर ठेवलं. चुकवलेल्या गोळ्या मागे जाऊन घेता येत नाहीत; मला हलका करणं आता त्याच्याही हातात उरलेलं नाही.